तिऱ्हाईत

न्यायालयात 'तिऱ्हाईत' या शब्दाला मोठा निश्चित अर्थ आहे. ज्याने करारावर सही केली नाही, ज्याने मोबदला दिला नाही वा घेतला नाही, तो तिऱ्हाईत. दोघांच्या भांडणात त्याने पडू नये, आणि त्या दोघांनी आपसांत काही ठरवून त्याच्या डोक्यावर बोजा टाकू नये, एवढीच त्याच्याविषयी कायद्याची चिंता. वीस वर्षे मी हा शब्द वापरीत आलो आहे. म्हणूनच गेल्या चवथीला माझ्या भाच्याने जो कागद माझ्यापुढे ठेवला, त्यात त्याला स्वतःलाच 'थर्ड पार्टी' म्हटलेले पाहून मी चष्मा काढून पुसला. एकोणतीस पानांचा करारनामा, प्रत्येक कलमाने हातपाय बांधलेले, आणि हा म्हणे तिऱ्हाईत!

आरती आटोपली होती. माटोळीखाली आम्ही दोघेच बसलो होतो. भाचा फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकला, पुण्यात चांगल्या पगारावर लागला, आणि चार वर्षांनी ती नोकरी सोडून दोघा मित्रांसह त्याने एक व्हिडिओ गेम रचला. जत्रेच्या रात्री चुकलेला एक मुलगा पालखीच्या मागे मागे जात घर शोधतो, असे काहीसे त्याचे कथानक. मला त्या खेळातले फारसे कळले नाही. पण त्यातला दीपस्तंभ, त्यातली दशावतारी पात्रांची सावली आणि दुकानांच्या रांगांतला धूर पाहून मी थोडा वेळ गप्प झालो, हे मात्र खरे.

एका परदेशी प्रकाशन संस्थेने तो खेळ बाजारात आणण्याची तयारी दाखवली होती. आगाऊ रक्कम ती देणार. मात्र वर्षभर तो एकाच कंपनीच्या कन्सोलवर खेळता यावा, दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर येऊ नये, आणि आगाऊ रक्कम वसूल होईपर्यंत मुलांना विक्रीतला हिस्सा मिळू नये. आगाऊ रकमेने भागणार नव्हते. उरलेल्या खर्चासाठी माझ्या बहिणीने आपल्या पाटल्या मोडायचे मनात आणले होते. तिने ते मला सांगितले नव्हते. स्वयंपाकघरातून ते माझ्या पत्नीमार्फत माझ्यापर्यंत आले.

"मामा, सय करूं काय नाका?" त्याने विचारले. घरात आम्ही कोकणीतच बोलतो. करारनाम्याची चर्चा मात्र, का कोण जाणे, नेहमी मराठीत सुरू होते.

मी वकिली उत्तर दिले. वाचून सांगतो म्हटले. वास्तविक त्याचा प्रश्न कलमांचा नव्हताच. दुसऱ्याच्या अंगणात, दुसऱ्याच्या दिव्याखाली, जो आपणही तोच माल विकतो त्याच्या डोळ्यांसमोर दुकान मांडून माणसाचा जम बसतो का, हा त्याचा प्रश्न होता. आणि तो माझ्या घरात पूर्वी एकदा येऊन गेलेला होता.

माझे वडील जत्रांतून पुस्तकांचे दुकान मांडीत. आरतीसंग्रह, व्यंकटेशस्तोत्र, पंचांगे, देवादिकांची रंगीत चित्रे आणि मुलांसाठी पाट्या-पेन्सिली. खाज्याच्या दुकानांची रांग संपली की कोपऱ्यावर आमची ताडपत्री. एका देवस्थानच्या (त्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही) उत्सवात गायिली जाणारी पदे त्यांनी जुन्या लोकांकडून उतरवून घेतली, पदरचे पैसे घालून छापली, आणि पहिल्या वर्षी ती पुस्तिका दोन रात्रींत संपली. दुसऱ्या वर्षी देवस्थानने त्याच पदांची आपली पुस्तिका काढली आणि प्रसादाच्या मेजावर ठेवली. भाविक माणूस नारळ देतो, प्रसाद घेतो, आणि हात पुढे केलेला असतानाच जे पुस्तक मिळते ते घेतो. ताडपत्रीपर्यंत येतो कोण? त्याच वर्षी पावणीनंतर आमची जागाही बदलली. कोपरा गेला आणि तळीकडच्या भिंतीमागची जागा मिळाली. वडिलांनी तक्रार केली नाही. उरलेल्या पुस्तिका पुढे कित्येक वर्षे आमच्या माळ्यावर होत्या. माझ्या शाळेच्या वह्यांना मी त्यांच्याच पाठकोऱ्या मुखपृष्ठांची आवरणे घातली. मी वकील झालो त्याच्या कारणांत त्या आवरणांचाही थोडा भाग असावा.

भाच्याला उत्तर द्यायचे म्हणून मी या धंद्याचा इतिहास वाचायला बसलो, आणि कबूल करतो की गुंतलो. कारण तो इतिहास बराचसा न्यायालयांत घडलेला आहे.

अमेरिकेत अटारी कंपनीने १९७७ साली घरच्या दूरदर्शन संचाला जोडायचे एक यंत्र काढले. यंत्र एकदाच घ्यायचे. खेळ मात्र वेगवेगळ्या कार्ट्रिजांतून विकत घेत राहायचे. हे खेळ रचणारे लोक कंपनीचे नोकर. खेळ लाखोंनी खपत, पण रचणाऱ्याचे नाव खोक्यावर छापीत नसत. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड हे त्यांतले चौघे बाहेर पडले, जिम लेव्ही नावाच्या व्यवस्थापकाला त्यांनी बरोबर घेतले, आणि १९७९ साली 'ॲक्टिव्हिजन' नावाची संस्था काढली. ती दुसऱ्याच्या यंत्रासाठी खेळ काढणारी पहिली स्वतंत्र संस्था. खोक्यावर रचनाकाराचे नाव छापायचे, हा तिचा पहिल्यापासूनचा रिवाज.

अटारीने १९८० साली फिर्याद लावली. पण अडवायचे कशाच्या जोरावर? यंत्राला कुलूपच नव्हते. जागा मोकळी, खाच मोकळी; त्या खाचेत बसेल असे कार्ट्रिज कोणीही करावे. १९८२ साली तडजोड झाली: बाहेरच्यांनी खेळ काढावेत, अटारीला मानधन द्यावे. त्याच वर्षी डेव्हिड क्रेनचा 'पिटफॉल' आला आणि त्याच्या चाळीस लाखांवर प्रती खपल्या. तिऱ्हाईताचा जम बसतो का, या प्रश्नाचे पहिले उत्तर असे ठणठणीत होते.

मग जे व्हायचे ते झाले. दार उघडे आहे म्हटल्यावर जो तो आत शिरला. ओटचे पीठ विकणाऱ्या क्वेकर ओट्सनेसुद्धा खेळांची शाखा उघडली! दुकानांत मालाचे ढीग लागले. चांगले कोणते आणि टाकाऊ कोणते हे गिऱ्हाइकाला कळेना, आणि १९८३ साली तो सारा बाजारच कोसळला. अटारीने न खपलेली कार्ट्रिजे न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्दो गावाच्या कचराभूमीत पुरली. २०१४ साली ती खणून काढून लोकांनी त्यांची छायाचित्रे घेतली. गल्लीगल्लीने दुकाने लागलेली, वाट न उरलेली जत्रा ज्याने पाहिली आहे, त्याला हे निराळे समजावून सांगायला नको.

त्या पडझडीतून धडा घेतला तो जपानच्या निन्टेन्डोने. १९८५ साली अमेरिकेत आणलेल्या आपल्या यंत्रात तिने कुलूप बसवले. यंत्रात एक चिप, प्रत्येक कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार चिप. दोघींची खूण पटली तरच खेळ चालू राहायचा, नाहीतर यंत्र पुन्हा पुन्हा स्वतःच बंद होऊन सुरू व्हायचे. किल्ली निन्टेन्डोपाशी. ज्याला दुकान मांडायचे असेल त्याने परवाना घ्यावा, वर्षाला पाचच खेळ काढावेत, निन्टेन्डोसाठी काढलेला खेळ दोन वर्षे दुसऱ्या यंत्रासाठी काढू नये, आणि कार्ट्रिजे निन्टेन्डोकडूनच करून घ्यावीत. माल खपो न खपो, कार्ट्रिजांचे पैसे आधी. प्रकाशकांनी बोटे मोडली आणि सह्या केल्या, कारण गिऱ्हाईक तिथेच होते. कोनामीने पाचांची मर्यादा चुकवण्यासाठी 'अल्ट्रा गेम्स' नावाचे दुसरे दुकान काढले. आपल्याकडे पुतण्याच्या नावावर जमीन घेतात, त्यातलाच प्रकार; पण निन्टेन्डोने चालू दिला. पैसे तिलाही मिळतच होते.

परवानाधारकांपैकी 'अटारी गेम्स' मात्र स्वस्थ बसली नाही. मूळ अटारीची १९८४ साली वाटणी झाली, तीत मोठ्या नाणेयंत्रांची शाखा ज्यांच्याकडे गेली ती ही संस्था. दैव कसे फिरते पाहा: काही वर्षांपूर्वी जी बाहेरच्यांवर फिर्याद लावीत होती, तिचीच एक फांदी आता दुसऱ्याच्या दारात परवान्यासाठी उभी. तिने कुलपाची रचना शोधण्याचा प्रयत्न केला, ती उकलेना. तेव्हा तिने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात अर्ज केला की निन्टेन्डोने आमच्यावर दावा लावला आहे, आम्हाला बचावासाठी त्या प्रोग्रॅमची प्रत हवी. दावा लावलेला नव्हता. प्रत मिळाली, किल्ली तयार झाली, आणि पुढे खराच दावा लागला. १९९२ साली अपील न्यायालयाने मनाई हुकूम कायम केला. न्यायालयाचा रोख लक्षात घेण्यासारखा आहे. एखाद्या प्रोग्रॅमचे कार्य समजून घेण्यासाठी तो उलगडणे हे मुळात बेकायदा नव्हे, असेच ते म्हणाले. पण ज्याने खोटे सांगून प्रत मिळवली त्याला ही सवलत मागता येत नाही. न्यायदेवतेपुढे यायचे तर हात धुऊन यावे, हे तत्त्व आम्ही कायद्याच्या पहिल्या वर्षात घोकतो आणि पुढे बहुधा विसरतो.

त्याच वर्षी, त्याच देशात, धुतलेल्या हातांचाही एक खटला निकाली निघाला. माझ्या मते या सर्व इतिहासातले हेच सर्वांत वाचनीय प्रकरण. सेगा कंपनीच्या जेनेसिस यंत्रासाठी 'ॲकोलेड' नावाच्या संस्थेला खेळ काढायचे होते. तिचे संस्थापक कोण? ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड. ॲक्टिव्हिजन काढणाऱ्या चौघांतले दोघे! एकदा तिऱ्हाईत झालेला माणूस पुन्हा घरचा होत नाही, असे दिसते. सेगाच्या परवान्यात अट होती की ॲकोलेडचे सारे खेळ सेगानेच तयार करावेत. ते त्यांना मानवले नाही. त्यांनी बाजारातून एक जेनेसिस आणि सेगाचे तीन खेळ रोख विकत घेतले, त्यांतला प्रोग्रॅम उलगडून यंत्र कार्ट्रिजशी कसे बोलते एवढेच टिपून काढले, आणि त्या टिपणावरून आपले खेळ स्वतंत्रपणे लिहिले.

सेगाने नव्या जेनेसिसमध्ये एक पहारेकरी बसवला. कार्ट्रिजमध्ये ठरावीक ठिकाणी 'सेगा' ही चार रोमन अक्षरे सापडली तरच खेळ सुरू व्हायचा. आणि ती सापडताच पडद्यावर आपोआप झळकायचे की हा खेळ सेगाने वा सेगाच्या परवान्याने केला आहे. म्हणजे दार उघडायचे तर मालकाचे नाव घ्यावे लागणार, आणि नाव घेतले की मालक म्हणणार, हा आमच्या नावाने खोटा व्यापार करतो! ॲकोलेडने अक्षरे घातली. १९९१ च्या ऑक्टोबरात सेगाने दावा लावला. पुढच्या एप्रिलात खालच्या न्यायालयाने मनाई हुकूम दिला. ॲकोलेड अपिलात गेली आणि जिंकली. न्यायमूर्ती स्टीफन राइनहार्ट यांनी निकालात दोन गोष्टी ठरवल्या. यंत्राचे कार्य समजून घेण्यास दुसरा मार्ग नसेल तर प्रोग्रॅम उलगडणे हा न्याय्य उपयोग होय. आणि पडद्यावर जो खोटा मजकूर झळकतो त्याला जबाबदार तो मजकूर यंत्रात बसवणारी सेगाच. हा दुसरा भाग वाचून मी एकटाच कार्यालयात हसलो. माझ्या कारकुनाने दारातून डोकावून पाहिले.

पण हसू फार टिकले नाही. कारण त्यानंतर काय झाले? १९९३ साली दोन्ही पक्षांनी तडजोड केली, आणि खटला जिंकलेली ॲकोलेड सेगाची रीतसर परवानाधारक झाली. न्यायालयाने तिला दार फोडून आत जाण्याचा हक्क दिला होता. तिने दार ठोठावून आत जाणे पत्करले. १९९९ मध्ये इन्फोग्राम्स या फ्रेंच संस्थेने ती विकत घेतली. आम्ही वकील अशिलाला सांगतो की निकाल तुमच्या बाजूने लागला. तो विचारतो, मग उद्या दुकान कुठे मांडू? याचे उत्तर निकालपत्रात नसते.

उलट इलेक्ट्रॉनिक आर्ट्सची रीत पाहा. तिनेही जेनेसिस उलगडले होते. पण खेळ बाजारात सोडण्याऐवजी तिचे प्रमुख ट्रिप हॉकिन्स ते हातात घेऊन सेगाकडे गेले आणि १९९० साली सवलतीच्या अटींवर परवाना घेऊन आले. सेगा तेव्हा निन्टेन्डोच्या मागे होती, तिला खेळाडू हवे होते, आणि अमेरिकन फुटबॉलचा चांगला खेळ इलेक्ट्रॉनिक आर्ट्सपाशी होता. जत्रा भरलेली असेल तर पावणी चढते. जत्रा नवी असेल तर देवस्थान दुकानदाराला गाडीभाडे देऊन बोलावते. हे माझ्या वडिलांना कोणत्याही अपील न्यायालयापेक्षा आधी ठाऊक होते.

मालकाच्या स्वतःच्या मालाशी झुंजायची पाळी येते तेव्हा खरी कसोटी. निन्टेन्डोच्या घरात ही तक्रार जुनी आहे: गिऱ्हाईक येते ते मारिओसाठी आणि झेल्डासाठी, बाहेरच्याचा खेळ शेजारी पडून राहतो. २००६ साली आलेले 'वी' हे यंत्र दहा कोटींहून अधिक खपले, तरी अनेक प्रकाशकांचे त्यावर फारसे साधले नाही. माझ्या मते त्यात त्यांचाही दोष होता. दुसऱ्या बलिष्ठ यंत्रांसाठी केलेले खेळ कातरून त्यांनी येथे आणले, आणि ते खपेनात म्हणून मालकाला बोल लावला. युबिसॉफ्टने मात्र २००९ साली 'जस्ट डान्स' आणला: हातात कांडी धरून पडद्यावरच्या नर्तकासारखे नाचायचे. तशी वस्तू निन्टेन्डोच्या मेजावर नव्हती. तो अमाप खपला. आमच्या पदांच्या पुस्तिका माळ्यावर गेल्या त्याच वर्षी वडिलांच्या पाट्या-पेन्सिली मात्र संपल्या होत्या, याची मला येथे आठवण झाली.

पुढच्या 'वी यू' यंत्राच्या वेळी, २०११ साली, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे तत्कालीन प्रमुख निन्टेन्डोच्या व्यासपीठावर येऊन अभूतपूर्व सहकार्याची ग्वाही देऊन गेले. यंत्र २०१२ च्या अखेरीस आले, फारसे उचलले गेले नाही, आणि २०१३ च्या मे महिन्यात त्याच संस्थेने सांगितले की या यंत्रासाठी आमचा एकही खेळ घडणीत नाही. ते यंत्र सारे मिळून सुमारे १ कोटी ३५ लाखच खपले. तिऱ्हाईत असा निघून जाऊ शकतो, हेच त्याचे एकमेव बळ. १९९० नंतरच्या दशकात स्क्वेअर संस्थेने ते बळ पुरतेपणी वापरले. निन्टेन्डोने नव्या यंत्रातही महागडी, कमी जागेची कार्ट्रिजेच ठेवायचे ठरवले, तेव्हा स्क्वेअरने आपली 'फायनल फँटसी' ही मालिका उचलून सोनीच्या प्लेस्टेशनवर नेली. १९९७ च्या जानेवारीत जपानात आलेला तिचा सातवा भाग तीन सीडींवर होता; कार्ट्रिजमध्ये तो मावलाच नसता. त्याच महिन्यात 'ड्रॅगन क्वेस्ट' मालिकेच्या एनिक्सनेही सोनीकडे जात असल्याचे जाहीर केले. अखेर प्लेस्टेशन दहा कोटींवर गेले, निन्टेन्डोचे यंत्र सुमारे ३ कोटी ३० लाखांवर थांबले. मालकाला दुकानदार टाकून गेल्यावर काय होते ते एवढ्या आकड्यांत आले.

आणि सेगा? जिने चार अक्षरांचा पहारेकरी बसवला होता तिने ड्रीमकास्ट या आपल्या शेवटच्या यंत्राचे उत्पादन २००१ साली बंद केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचा 'सॉनिक' निन्टेन्डोच्या यंत्रावर धावू लागला. एके काळचा प्रतिस्पर्धी देवस्थानचा अधिकारी आता शेजारच्या जत्रेत ताडपत्री बांधत होता. आणि लक्षात घ्या, तो अजून टिकून आहे.

अलीकडे तर कोण मालक आणि कोण तिऱ्हाईत हेच ओळखू येईनासे झाले आहे. एक्सबॉक्सच्या मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन विकत घेण्याचे ठरवले, तेव्हा अमेरिकेच्या व्यापार आयोगाने सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात हरकत घेतली: 'कॉल ऑफ ड्यूटी' हा लोकप्रिय खेळ उद्या सोनीच्या यंत्रावरून काढून घेतला तर? २०२३ च्या जुलैत न्यायाधीश जॅकलिन स्कॉट कॉर्ली यांनी मनाई हुकूम नाकारला. मायक्रोसॉफ्टने दहा वर्षे तो खेळ सोनीला देण्याचे लेखी वचन दिले होते, याला त्यांनी वजन दिले. ऑक्टोबरात ६,८७० कोटी डॉलरांचा तो सौदा पुरा झाला. आपले नाव खोक्यावर छापले जावे म्हणून चार नोकरांनी काढलेले घर असे चव्वेचाळीस वर्षांनी एका घरमालकाच्या मालमत्तेत गेले. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपले चार खेळ सोनी आणि निन्टेन्डो यांच्या दारी नेले. सोनीने तरी मागे का राहावे? तिचा बेसबॉलचा खेळ २०२१ पासून, आणि 'हेलडायव्हर्स २' हा २०२५ च्या ऑगस्टपासून, एक्सबॉक्सवर मिळतो. खेळ रचण्याचा खर्च इतका वाढला आहे की एकाच अंगणातले गिऱ्हाईक आता मालकालाही पुरत नाही.

भाच्याला मी हे सर्व सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मामा, या हत्तींच्या गोष्टी झाल्या. आम्ही तिघेजण." त्याचे म्हणणे रास्त होते. म्हणून त्यानेच मला पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ची हकीकत सांगितली. त्यांच्या 'राजी' या खेळात दुर्गा आणि विष्णू कथा सांगतात, आणि राजी नावाची मुलगी असुराच्या तावडीतून आपल्या भावाला सोडवायला निघते. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो फसला. तरी २०२० च्या ऑगस्टमध्ये खेळ आला. आधी केवळ निन्टेन्डोच्या स्विचवर, आणि दोनच महिन्यांनी इतर यंत्रांवर. दोन महिन्यांनी, बारा नव्हे! मी त्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. स्विच तर बाहेरच्या लहान कारागिरांना चांगलेच मानवले. एका अमेरिकन तरुणाने चारहून अधिक वर्षे एकट्याने खपून केलेला शेतीचा खेळ, 'स्टारड्यू व्हॅली', तिथे २०१७ साली आला आणि उदंड चालला. मारिओ शेती करीत नाही, हेही एक कारण असेल.

आता एक कबुली देतो. गेली सहा वर्षे मी एका देवस्थानचा कायदेविषयक सल्लागार आहे. १९३३ च्या पोर्तुगीज अमदानीतील कायद्याखाली महाजनांचा कारभार चालतो, मामलेदार प्रशासक असतो, आणि जत्रेतील दुकानांचा करारनामा मी लिहितो. त्यातले सातवे कलम माझे आहे: देवस्थान जी वस्तू स्वतः विकते वा पुढे विकू इच्छील, ती कोणाही दुकानदाराने विकू नये. समितीने ते मागितलेसुद्धा नव्हते. चोख मसुदा करण्याच्या भरात मी ते घातले आणि माझे कौतुक झाले. भाच्याच्या कागदात एकोणिसाव्या पानावर जवळजवळ तेच कलम इंग्रजीत वाचले, तेव्हा माझ्याच हाताचे वळण दुसऱ्याच्या पत्रात दिसावे तसे झाले. 'विकू इच्छील' हे शब्द मी घातले होते. त्या दोन शब्दांत आमची पदांची पुस्तिका पुरती मावते.

मी भाच्याला सही करू नको म्हटले नाही. बहिणीला मात्र पाटल्या मोडू दिल्या नाहीत. त्यावरून आमच्यात दोन दिवस अबोला होता. करारात तीन बदल सुचवले: बारा महिन्यांचे तीन महिने करावेत, आगाऊ रक्कम वसूल होत असतानाही विक्रीतला लहानसा वाटा मुलांना मिळत राहावा, आणि खेळाचे नाव व पात्रे मुलांच्याच मालकीची राहावीत, म्हणजे उद्या दार बंद झाले तर ताडपत्री उचलून दुसरीकडे जाता येईल. तिसरा बदल मान्य झाला. पहिल्यात त्यांनी सहा महिने म्हटले. दुसरा साफ नाकारला. भाच्याने दसऱ्यानंतर सही केली. दोघा मित्रांपैकी एकाने पुन्हा नोकरी धरली आहे. तो रात्री काम करतो.

आमच्या देवस्थानची जत्रा माघात आहे, पावणी पौषात. यंदाच्या करारनाम्याचा मसुदा माझ्या मेजावर पडून आहे. सातव्या कलमावर मी आडवी रेघ ओढली आहे. समितीच्या बैठकीत मला कारण विचारतील. त्या दिवशी माळ्यावरची एक पुस्तिका बरोबर न्यायचे मनात आहे. शोधायला भाच्याला रविवारी बोलावले आहे.